देगलूरची सडक

हैदराबादच्या मराठी कुटुंबांतील वडीलधाऱ्या माणसांना ‘आपण मूळचे कुठले?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा आडनावातच दडलेले असते. कोरटकर, नांदापूरकर, देगलूरकर, बिलोलीकर अशी ही नावे जणू मैलांचे दगडच आहेत. काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा, हिमायतनगर या वस्त्यांतून तीनतीन, चारचार पिढ्या नांदल्या, मुले उस्मानिया विद्यापीठातून पदव्या घेऊन बाहेर पडली, नातवंडे परदेशी गेली; तरी लग्नकार्याची पहिली अक्षत ज्या गावी पाठवायची ते गाव बहुतेक वेळा नांदेड, परभणी किंवा लातूर जिल्ह्यातील असते. त्या गावाकडे जाणारी एक वाट आगगाडीची : निजामाबाद, बासर, धर्माबाद, मुदखेड या मार्गाने गोदावरीचे खोरे धरून जाणारी. दुसरी वाट सडकेची : संगारेड्डी, जोगीपेठ, पिटलम, मदनूर, देगलूर, नायगाव, नांदेड. आगगाडीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सडकेकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही. या लेखात त्या सडकेची आणि तिच्या कडेने वसलेल्या माणसांची ओळख करून द्यावयाची आहे. गेल्या काही वर्षांत तिचे रूप पार पालटले आहे, आणि त्या पालटाबरोबर आपल्या घरांतील काही जुने धागेही ताणले जात आहेत.

प्रथम एका गमतीदार घोटाळ्याचा उलगडा केलेला बरा. हैदराबादचा रहिवासी नांदेडात जाऊन ‘आम्ही हिमायतनगरचे’ असे म्हणाला, तर ऐकणारा त्याला ‘म्हणजे वाढोण्याचे का?’ असे विचारील. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर नावाचे तालुक्याचे गाव आहे. त्याचे जुने नाव वाढोणा आणि तेथील परमेश्वराचे देवस्थान पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान, अर्थात आझम जाह, यांच्या नावाने राजधानीतील वस्ती, शहराबाहेरचा तलाव आणि दूरच्या मराठी मुलखातील एक गाव अशा तिन्ही ठिकाणांची ओळख झाली. एकाच राज्याचा हा ठसा. राज्य गेले, सीमा बदलल्या, नावे मात्र दोन राज्यांत राहून गेली.

गौलीगुड्यापासून मांजरेपर्यंत

या प्रदेशातील सार्वजनिक मोटार-वाहतुकीचा इतिहास मोठा अभिमानास्पद आहे. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ च्या जून महिन्यात रस्ते-वाहतुकीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. आरंभी त्याच्याजवळ २७ गाड्या आणि १६६ नोकर होते. प्रवासी मोटारींची वाहतूक सरकारने स्वतःकडे घेण्याचा हिंदुस्थानातील हा पहिलाच प्रयोग मानला जातो. त्या गाड्यांच्या क्रमांकातील ‘झेड’ हे अक्षर निजामांच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या नावावरून आले, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. गौलीगुड्याचे ते प्रचंड अर्धगोल, लोखंडी पत्र्याचे स्थानक पुष्कळ वाचकांच्या आठवणीत असेल. होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळीत कित्येक मराठी कुटुंबांनी तेथेच गाडीची वाट पाहिली. पुढे इमलीबनचे विस्तीर्ण महात्मा गांधी बसस्थानक उभे राहिले, जुन्या स्थानकाची रया गेली, आणि २०१८ च्या जुलैत ते कोसळले.

शहर सोडल्यावर पटानचेरूपर्यंतचा आणि पुढे कंदीपर्यंतचा रस्ता हा पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गाचाच भाग आहे. कंदीला आता भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या इमारती उभ्या आहेत. येथून आपली सडक वायव्येकडे वळते. दीर्घकाळ ती दोन राज्यांच्या बांधकाम खात्यांनी सांभाळलेली साधी राज्य-सडक होती. एका अंगाला पडलेले खड्डे, दुसऱ्या अंगाला चिंचेची झाडे, समोरून उसाची गाडी आली की एकाने खाली उतरावयाचे, असा तिचा रिवाज होता. पुढे तिला १६१ हा राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक मिळाला. अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर अशी येऊन ती संगारेड्डीजवळ पुण्याच्या रस्त्याला मिळते.

जोगीपेठेच्या अलीकडे सडक मांजरा ओलांडते. या नदीपाशी थोडे थांबले पाहिजे. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. लातूर आणि बीदर ओलांडून ती तेलंगणात उतरते, संगारेड्डीपाशी उत्तरेकडे वळते, निजामसागरच्या जलाशयात विसावते आणि पुन्हा मराठी मुलखाच्या कडेने जाऊन बिलोली तालुक्याच्या शिवेवर गोदावरीला मिळते. निजामसागरचे धरण १९२३ ते १९३१ या काळात बांधले गेले. नबाब अली नवाज जंग या नामांकित अभियंत्याच्या देखरेखीखाली ते काम झाले. त्या पाण्यावर बोधनचा ऊस वाढला आणि १९३७ मध्ये स्थापन झालेला तेथील निजाम साखर कारखाना एके काळी आशियातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाई. त्याची धुराडी २०१५ मध्ये थंडावली. हैदराबाद शहरालाही १९६५ पासून मांजरेचे पाणी मिळू लागले. कृष्णा आणि गोदावरी यांचे पाणी शहरात फार पुढे आले. म्हणजे एक संपूर्ण पिढी बीडच्या डोंगरात पडलेल्या पावसावर हैदराबादेत तहान भागवीत होती. आपण गाव सोडून आलो असे आपण म्हणतो. गावच्या नदीने मात्र आपल्याला सोडले नव्हते.

जोगीपेठेचा धडा

जोगीपेठ हे दिसावयास साधे बाजारपेठेचे गाव. परंतु तेलुगू समाजाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. निजाम राज्यातील आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन १९३० मध्ये येथे भरले आणि सुरवरम प्रताप रेड्डी त्याचे अध्यक्ष होते. या घटनेचा हैदराबादच्या मराठी समाजाशी असलेला संबंध आपल्या मुलांना क्वचितच सांगितला जातो. १९२१ च्या नोव्हेंबरात हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. आलमपल्ली वेंकट रामराव हे वकील तेलुगूतून बोलू लागताच सभेतील काही श्रोत्यांनी हुर्यो उडविली. मराठी, उर्दू, इंग्रजी चालत होती; ज्या शहराच्या आसमंतात तेलुगू बोलणारे बहुसंख्य, त्या शहरात तेलुगूला मात्र हसे. दुखावलेल्या तरुणांनी लगोलग आंध्र जनसंघाची स्थापना केली, आणि त्याच बीजातून पुढे जोगीपेठचे अधिवेशन उभे राहिले.

विवेकवर्धिनीसारख्या संस्था उभारणाऱ्या केशवराव कोरटकर, वामन नाईक प्रभृतींचे ऋण मोठे आहे. ते या प्रसंगाने तिळभर कमी होत नाही. तथापि परप्रांतात राहणाऱ्या समाजाने आपली भाषा जपताना शेजाऱ्याच्या भाषेला पाट मांडावा लागतो, हा धडा जोगीपेठेवरून जाताना आठवावा असाच आहे. पुढे १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन भरले आणि आंध्र, महाराष्ट्र, कर्नाटक या तिन्ही परिषदांतील मंडळी स्टेट काँग्रेसच्या झेंड्याखाली एकत्र आली, हेही त्याच इतिहासाचे पुढचे पान आहे. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९७२ मध्ये हैदराबादेत निवर्तले. त्यांची समाधी बेगमपेठेत आहे आणि नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. सडकेच्या दोन्ही टोकांना एकच नाव!

तुटलेला तालुका

शंकरमपेट, निजामपेट, पिटलम ही गावे मागे पडली की भाषेत एक नाजूक बदल जाणवू लागतो. बाजारात तेलुगू चालू असते. पण भाजीवाली शेजारणीशी मराठीत बोलते, हिशेब तेलुगूत करते आणि गिऱ्हाइकाशी दखनीत घासाघीस करते. गोंगुऱ्याची जुडी मागितली तरी चालते, अंबाडीची मागितली तरी चालते. जुडी एकच असते. बिचकुंदा, जुक्कल, मदनूर हा तो टापू. हा भाग आज तेलंगणाच्या कामारेड्डी जिल्ह्यात आहे. जुक्कल मतदारसंघातून हणमंत शिंदे या नावाचे आमदार विधानसभेत अनेक वर्षे बसले, यावरून तेथील वस्तीची कल्पना यावी.

हा टापू मराठी असूनही तेलंगणात कसा, याचे उत्तर १९५६ च्या राज्य-पुनर्रचना कायद्यात आहे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद संस्थानाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. परंतु संपूर्ण नव्हे. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळे, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात घालण्यात आली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याला मिळाले. अशी देवघेव भाषिक सीमेवर अपरिहार्यच असते. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला गावे दिसतात. सोयरिकी दिसत नाहीत. देगलूर ही ज्यांची तालुक्याची कचेरी, बाजारपेठ आणि माहेर, अशा गावांना एका दिवसात दुसरे राज्य, दुसरी राजभाषा आणि दुसरे कायदे लाभले.

या रेघेमुळे कोणी कोणाकडे जाणे थांबविले नाही. सलाबतपूरच्या मारुतीला दोन्ही राज्यांतले भाविक येतात. जकात आणि विक्रीकराच्या नाक्यांवरील खोळंबाही २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर बराचसा संपला. अडचण उरली ती कागदांची.

एक उदाहरण घ्यावे. या सडकेच्या दोन्ही अंगांना बंजारा समाजाचे तांडे आहेत. भाषा एक, सेवालाल महाराजांवरील श्रद्धा एक, रोटीबेटीचे व्यवहार एक. पण तेलंगणातील तांड्यावरचा बंजारा अनुसूचित जमातीत मोडतो, महाराष्ट्रातील तांड्यावरचा विमुक्त जातींत, आणि थोडे पश्चिमेला औराद किंवा बीदरच्या बाजूस गेले की कर्नाटकात तोच अनुसूचित जातीत गणला जातो. तीन भाऊ तीन तांड्यांवर राहिले तर तिघांचे दाखले तीन प्रकारचे! शिवाय एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर आरक्षणासाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. देगलूर तालुक्यातील मुलगी मदनूरला दिली की अंतर थोडे असते, पण नोकरीच्या अर्जापुरती ती परदेशी ठरते. सीमेवरील घराघरांत हा प्रश्न आहे, आणि कोणत्याही रुंद रस्त्याने तो सुटणारा नाही.

दुसरा प्रश्न शेतीचा. तेलंगणा राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. २०१८ मध्ये तेथे शेतीपंपांना चोवीस तास मोफत वीज मिळू लागली आणि रयतु बंधू योजनेखाली दर हंगामास एकरी चार हजार रुपये शेतकऱ्याच्या हाती पडू लागले. बांधापलीकडचा शेजारी हे सर्व घेत आहे आणि आपल्या विहिरीवरचा पंप रात्री दोनला चालू करावा लागत आहे, हे पाहून धर्माबाद, बिलोली या भागांतील काही गावांच्या सरपंचांनी त्याच वर्षी ‘आम्हांला तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली. त्या मागणीत मायबोलीविषयीची अप्रीती नव्हती. ती पोटाची हाक होती. ज्या भागात हुतात्मा गोविंदराव पानसरे यांनी १९४६ मध्ये रझाकारांच्या काळोख्या दिवसांत प्राण वेचले, त्याच बिलोली तालुक्याच्या आसमंतात ही हाक उठावी, हे महाराष्ट्राने विचार करावा असे आहे.

देगलूर

सीमा ओलांडली की देगलूर येते. हैदराबादहून येथवर सुमारे दोनशे किलोमीटर, आणि पुढे नांदेड ऐंशीच्या आसपास. लेंडी नदीच्या काठचे हे गाव वारकरी संप्रदायात सर्वत्र परिचित आहे. श्रीगुंडा महाराजांची परंपरा येथली. चक्रीभजनाचा आगळा प्रघात या घराण्याने पंढरीपर्यंत नेला. ह. भ. प. धुंडा महाराज देगलूरकर यांची ज्ञानेश्वरीवरील प्रवचने ज्यांनी ऐकली, त्यांना संस्कृताचा अधिकार आणि मराठीचा गोडवा एकत्र कसा नांदतो हे निराळे सांगावयास नको. मूर्तिशास्त्राचे थोर अभ्यासक डॉ. गो. बं. देगलूरकर यांनी मराठवाड्यातील मंदिरांचे जे सूक्ष्म निरीक्षण केले, त्याचा प्रत्यय घ्यावयाचा तर देगलूरपासून जवळच असलेल्या होट्टलला जावे. चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिरावरील सुरसुंदरी पाहिल्यावर, हा मुलूख मागासलेला म्हणून नाक मुरडणाऱ्याची मान खाली जाते.

देगलूर, नरसी, नायगाव या पट्ट्यात फिरताना आडनावांकडे लक्ष द्यावे. चिद्रावार, पदमवार, मामीडवार यांसारख्या नावांतील ‘वार’ याचे तेलुगूतील ‘वारु’ या आदरार्थी प्रत्ययाशी नाते आहे. तेलंगणातून येऊन मराठी झालेली ही घरे. आणि आपण मराठवाड्यातून जाऊन हैदराबादी झालेलो. सडक ही कधी एका दिशेने चालत नाही. नरहर कुरुंदकर हैदराबादेत शिकले, मामा प्राध्यापक नांदापूरकर यांच्या सहवासात घडले आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजात आयुष्यभर शिकवीत राहिले. शंकरराव चव्हाणांनी कायद्याचा अभ्यास उस्मानिया विद्यापीठात केला आणि ते पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. आजही नांदेड-देगलूरचा रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईऐवजी हैदराबाद गाठतो. आणि येथील मराठी घरांत ‘गावाकडचे पाहुणे दवाखान्यासाठी आले आहेत’ हे वाक्य आजही नेहमीचे आहे.

गोदावरीचा पूल ओलांडून नांदेडात शिरले की सडकेचा आपल्यापुरता शेवट होतो. गुरू गोविंदसिंह यांनी १७०८ मध्ये जेथे देह ठेवला तो सचखंड हुजूरसाहेब गुरुद्वारा येथे आहे. पंजाबी यात्रेकरू, मराठी शेतकरी, तेलुगू व्यापारी आणि दखनी बोलणारा रिक्षावाला यांची गर्दी पाहिली म्हणजे ही सडक केवळ आपल्याच माहेराची नव्हे हे ध्यानी येते.

वळणरस्त्यामुळे काय चुकते?

कंदीपासून महाराष्ट्राच्या सीमेपर्यंतची सुमारे १३५ किलोमीटरची सडक आता चौपदरी झाली आहे. तिच्यापैकी कंदी ते रामसानपल्ली हा ४० किलोमीटरचा टप्पा ५ मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांनी संगारेड्डीत राष्ट्राला अर्पण केला. इंदूर ते हैदराबाद या व्यापारी मार्गाचा हा भाग असून त्यामुळे हैदराबाद-नांदेड प्रवासाचे सुमारे तीन तास वाचतील, असे त्या वेळी सांगण्यात आले. प्रसूतीसाठी अडलेल्या लेकीला किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला तीन तास म्हणजे काय, हे सांगावयास नको. नव्या रस्त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु प्रत्येक सोयीची एक किंमत असते. नवी सडक बहुतेक गावांना वळसा घालून जाते. जुनी गाडी जोगीपेठेला चहासाठी थांबे, पिटलमला टपाल उतरवी, मदनूरला ओळखीचा माणूस खिडकीशी येऊन ‘काय, कधी आलाव?’ म्हणून विचारी. मागच्या बाकावरचे पोर त्या दोनशे किलोमीटरांत तीन भाषांचे संस्कार नकळत घेई. आता गाडीच्या काचा बंद असतात, पथकराचे नाके आपोआप पैसे कापून घेतात आणि मूल झोपेतून जागे होते ते एकदम नांदेडला. खाणावळी, पंक्चरवाले, कणसे विकणाऱ्या बाया यांचा धंदा बसतो तो तर निराळाच. रस्ता जवळ आला आणि गावे दूर गेली, अशी ही स्थिती आहे.

शिवाय ‘गावी जाण्याचे काम काय उरले?’ असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. त्यांना एक अगदी व्यावहारिक उत्तर देता येते. मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी महाराष्ट्र सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती २०२३ मध्ये नेमली आणि तिने निजामकालीन कागदांसाठी हैदराबाद गाठले. २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे दाखले देण्याचा निर्णय काढला. त्याच आधारावर बंजारा समाजानेही आपली मागणी पुढे केली. त्या निर्णयाच्या गुणदोषांत येथे शिरावयाचे नाही. मुद्दा एवढाच की ज्या जुन्या कागदांना आपण अडगळ समजत होतो, त्यांवर आज लाखो लोकांचे भवितव्य टांगलेले आहे, आणि त्यांतील कितीतरी कागद सडकेच्या या टोकाला आहेत. सरकारी दफ्तरखान्यात तर आहेतच. पण आपल्याही घरांत आहेत. आजोबांची ट्रंक उघडून पाहावी. उर्दूतील सनदा, मोडीतील खरेदीखते, १९५४ च्या सुमारास झालेल्या खासरा पाहणीच्या नकला, शाळेचे जुने दाखले यांपैकी काही हाती लागेल. उर्दू व मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. जे आहेत त्यांच्याकडून हे कागद आताच वाचून, मराठीत उतरवून घ्यावेत आणि गावाकडच्या भाऊबंदांना त्यांची प्रत पाठवावी. एखाद्या पुतण्याचे शिक्षण, एखाद्या बहिणीचा शेतावरील हक्क त्यावर अवलंबून असू शकेल.

आणि पुढच्या वेळी नांदेडला निघाल तेव्हा मदनूर किंवा देगलूरच्या पाटीपाशी वळणरस्ता सोडून गावात शिरावे. वाचलेल्या तीन तासांपैकी अर्धा तास गावाला द्यावा. बाजारातून अंबाडीची जुडी आणि ज्वारी घ्यावी, मुलांना मोल मराठीत विचारावयास लावावे आणि उत्तर तेलुगूत आले तर तेही समजून घ्यावे. १९५६ ची रेघ पुसणे आपल्या हाती नाही. ती ओलांडीत राहणे मात्र आजही आपल्याच हाती आहे.